खाऱ्या हवेतली हार्डडिस्क

जून लागला की विजयदुर्गात विजेचा भरवसा राहत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेरे फाट्यापासून साधारण ५० किलोमीटर आत, वाघोटन खाडीच्या मुखाशी हे गाव वसलेले आहे. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, मागे सड्यावर हापूसच्या बागा. वारा सुटला की झावळ्या तारांवर पडतात, दिवे जातात, येतात, पुन्हा जातात. वीज स्थिरावली असे वाटून कोणी संगणक सुरू करतो. पंखा फिरतो, बीप वाजते आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी सूचना उमटते : योग्य बूट डिव्हाइस निवडा. यंत्र चालू आहे, पण त्याला स्वतःची हार्डडिस्क सापडत नाही.

शहरात दुरुस्तीचे दुकान कोपऱ्यावर असते. इथे दुरुस्तीवाला देवगड किंवा कणकवलीहून येणार, तोही पावसाने उसंत दिली तर. तो येईपर्यंत घरातले कोणी, शेजारचा कॉलेजात शिकणारा मुलगा, आपापल्या परीने काहीतरी करून पाहतात. आतली माहिती राहणार की जाणार, हे बऱ्याचदा या मधल्या वेळेतच ठरते. हा लेख त्या मधल्या वेळेसाठी आहे.

गावातल्या डेस्कटॉपवर काय काय असते, ते एकदा पाहायला हवे. कोणत्या तारखेला किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाकडून पट्टी कितीची आली, याचा बागायतदाराचा हिशेब. सेवा केंद्रात दाखल्यांसाठी आलेल्या कागदांचे स्कॅन. शाळेचे निकाल. मच्छीमार सोसायटीची डिझेलची खाती. जत्रेतल्या दशावताराचे चित्रीकरण, आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी काढून दिलेले, आता हयात नसलेल्या माणसांचे फोटो. या साऱ्याची प्रत बहुतेक ठिकाणी एकच असते, आणि ती त्या टेबलाखालच्या डब्यात असते.

दिसत नाही आणि गेली

विजयदुर्गातल्या एका बागायतदारांच्या घरी ही दुरुस्ती मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळाली. काका पडवीत बसले होते. देवगडहून आलेल्या तरुण तंत्रज्ञाला त्यांनी सांगितले, "हार्डडिस्क गेली. सगळो हिशोब गेलो." तो पोरगा सीपीयूचा डबा उजेडात ओढत म्हणाला, "गेली म्हणान कोणी सांगल्यान, काका? दिसणा नाय आणि गेली, ह्यात फरक आसा."

सगळी दुरुस्ती या फरकावर उभी असते. पडद्यावरची सूचना एवढेच सांगते, की मदरबोर्डने विचारले आणि पलीकडून उत्तर आले नाही. उत्तर न येण्याची कारणे अनेक असतात. त्यातली बरीचशी डिस्कच्या बाहेर असतात आणि थोड्या पैशांत दूर होतात. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची. जे सोपे, स्वस्त आणि मागे घेता येण्यासारखे, ते आधी. जे केल्यावर मागे फिरता येत नाही, ते अगदी शेवटी, आणि शक्यतो स्वतः नाहीच.

त्याने आधी प्लग काढला, उरलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले आणि डब्याची बाजूची पत्र्याची झडप उघडली. मग प्लग लावून संगणक सुरू केला आणि डिस्कच्या अंगावर बोट टेकवून कान लावला. या पहिल्या अर्ध्या मिनिटात अर्धे निदान होते. डिस्क पूर्ण गप्प असेल, तिच्यात कसलीही थरथर नसेल, तर वीज पोहोचत नाही किंवा डिस्कच्या पाठीवरची सर्किटची पाटी निकामी झाली आहे. बारीक, एकसारखी घरघर येत असेल, तर मोटर फिरते आहे आणि दोष बहुधा केबलमध्ये, पोर्टात किंवा सेटिंगमध्ये आहे. आणि ठरावीक अंतराने टिक-टिक होत असेल, तर डिस्कच्या आतले वाचणारे हेड आपली जागा शोधत आपटते आहे. तो आवाज आला की त्याच क्षणी संगणक बंद करायचा. पुन्हा एकदा लावून बघू, असे म्हणायचेच नाही. प्रत्येक वेळी फिरणाऱ्या तबकडीवर नवा ओरखडा उठण्याचा धोका असतो, आणि ओरखड्याखालची अक्षरे परत येत नाहीत.

काकांची डिस्क घरघरत होती.

दुसरा प्रश्न बायोसला. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबले की मदरबोर्डची स्वतःची पाटी उघडते. तिच्यावर जोडलेल्या डिस्कची यादी असते. तिथे डिस्कचे नाव दिसत असेल तर तारांवर शंका घेण्याचे फारसे कारण नाही. मग बूटचा क्रम बदलला आहे का, कोणी पेनड्राइव्ह लावून विसरले आहे का, सॅटाची पद्धत एएचसीआयवरून दुसऱ्यावर गेली आहे का, विंडोजच्या फायली बिघडल्या आहेत का, ते पाहायचे. यादीतच नाव नसेल तर मात्र विंडोज पुन्हा टाकून काहीच होणार नाही, कारण जिच्यावर टाकायचे ती डिस्कच समोर नाही.

काकांच्या संगणकावर घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले होते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की असे होते, आणि बायोसची जुळवलेली सेटिंगे मूळपदावर जातात. सेल बदलला. घड्याळ जुळले, पण यादीत डिस्क नव्हतीच. आता तारा.

पावसाळी हवा काय करते

सॅटाच्या डिस्कला दोन जोड असतात. माहितीचा ७ पिनांचा आणि विजेचा १५ पिनांचा. जुन्या आयडीई डिस्कला रुंद पट्टीची ४० पिनांची केबल आणि मास्टर-स्लेव्हचे जंपर असत. तिथे चूक डोळ्यांना दिसायची. सॅटाची केबल सुटसुटीत आहे, पण तिचा जोड नाजूक. कॅबिनेटमधल्या केबलचा जोड मुळात सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्यासाठीच आखलेला आहे. 'काढून परत लाव' हा उपाय दर आठवड्याला केला, तर उपायच दोष होतो.

किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. वाऱ्याबरोबर येणारे समुद्राच्या पाण्याचे तुषार सुकतात आणि मिठाचे सूक्ष्म कण घरात, पंख्याच्या पात्यांवर, तिथून डब्यात जातात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस याहून वर असते. कोरडा कण ओला झाला की त्याचे खारे पाणी होते, आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. जोडांवर सोन्याचा थर असतो, पण तो अतिशय पातळ. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हे पाणी खालच्या निकेल-तांब्यापर्यंत जाते आणि गंज वर येतो. पंख्याच्या कंपनाने जोड कणभर हलत राहतो, गंज घासला जातो, पुन्हा चढतो. परिणाम असा, की डिस्क आज दिसते, उद्या दिसत नाही, दुपारी ऊन पडले की परत दिसते.

तंत्रज्ञाने केबल काढली तेव्हा तिच्या आतल्या पट्ट्या निस्तेज झाल्या होत्या, एका कडेला हिरवट झाक होती. रॅमच्या पट्ट्यांवर खोडरबर घासायची सवय आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे. सॅटाच्या जोडावर ती वापरू नये. घासून सोने निघाले तर उघड्या धातूवर गंज आणखी लवकर चढतो. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारा कपडा वापरायचा. हात धुण्याचे सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी असते, अनेकदा ग्लिसरीनही. डिस्कचा जोड पुसून, नवी केबल मदरबोर्डच्या दुसऱ्या पोर्टात लावली. बायोसच्या यादीत डिस्कचे नाव आले.

काका उठून उभे राहिले. तंत्रज्ञाने मात्र विंडोज सुरू होऊ दिले नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून त्याने आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, मगच बाकीचे. डिस्क दिसू लागली त्या क्षणी तिच्यावरून काम सुरू करायचे नाही, नक्कल करायची, हा त्याचा नियम. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोलाचा नियम हाच.

नंतर त्याने डिस्कची स्मार्ट नोंद उघडली. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची अशी नोंदवही ठेवते आणि ती वाचणारी प्रणाली फुकट मिळते. तिच्यातला १९९ क्रमांकाचा आकडा केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीचा असतो. तो वाढलेला असेल आणि नवी केबल लावल्यावर थांबला असेल, तर दोष केबलचाच होता हे पक्के होते. ५ आणि १९७ हे आकडे तबकडीवरच्या खराब जागांचे. ते वाढत असतील तर डिस्क बदलण्याची वेळ आली आहे. पण आकडे स्वच्छ आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार महत्त्वाच्या आकड्यांपैकी एकातही आधी इशारा दिलेला नव्हता.

वीज परत येते तेव्हा

डिस्क पूर्ण गप्प असेल तर वाट वेगळी. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला दोन दाबांची वीज लागते. पिवळ्या तारेतून १२ व्होल्ट मोटरला आणि तांबड्यातून ५ व्होल्ट सर्किटला. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, जुना झाला, त्यातले कपॅसिटर फुगले, की १२ व्होल्टची बाजू भाराखाली खचते. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण मोटरला उठायला जोर पुरत नाही. म्हणून गप्प डिस्कला मृत ठरवण्यापूर्वी ती दुसऱ्या, धडधाकट संगणकावर लावून पाहायची.

वादळात किंवा वीज परत येताना दाबाचा झटका आला, तर डिस्कच्या पाठीवरचे दोन छोटे डायोड तो आपल्या अंगावर घेतात. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ व्होल्टच्या. झटका मोठा असेल तर डायोड स्वतः जळून शॉर्ट होतो आणि पलीकडच्या चिपा वाचवतो. याची खूण ठळक आहे : डिस्क जोडलेली असताना अख्खा संगणकच सुरू होत नाही, आणि डिस्क काढली की लगेच होतो. जाणकार माणूस मीटरने तपासून तो डायोड काढतो आणि पुष्कळदा डिस्क जागी होते. पण आता तिला संरक्षण उरलेले नसते, म्हणून ती फक्त नक्कल उतरवण्यापुरती वापरायची. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरचे खांब आडवे केले, तेव्हा वीज परत येण्याआधी प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा होता. पुढच्या वादळातही तो तितकाच स्वस्त असेल.

तशाच दिसणाऱ्या डिस्कची हिरवी पाटी काढून या डिस्कला लावायची, हा उपाय वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चालून जायचा. आता प्रत्येक पाटीवरच्या चिपेत त्याच डिस्कच्या हेडांची बारीक मापे लिहिलेली असतात. ती चिप बदलून घेतल्याशिवाय दुसऱ्याची पाटी चालत नाही.

किल्ल्यावरचे ओटे

विजयदुर्ग किल्ल्यात दगडी चौथरे आहेत. लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. दर वर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो, आणि लॉकयर साहेबाने याच ओट्यांवरून १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे सांगितले जाते. खरा इतिहास थोडा निराळा आणि तितकाच देखणा आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सन यांनी गुंटूरहून पाहिले. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ग्रहणाविनाच, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, सूर्याच्या कडेवरचा प्रकाश तपासून त्यातल्या हेलियमच्या पिवळ्या रेषेचा माग घेतला. विजयदुर्गाला ते आले ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेलपोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. विल्यम रॅम्झे यांनी १८९५ मध्ये प्रयोगशाळेत हेलियम पकडल्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती.

तोच हेलियम आज काही हार्डडिस्कमध्ये आहे. साधी डिस्क हवाबंद नसते. तिच्या झाकणावर एक बारीक श्वासछिद्र असते, आत गाळणी, आणि शेजारी 'हे झाकू नका' अशी सूचना. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. साडेतीन इंची तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने तयार होणाऱ्या हवेच्या थरावर हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. धुळीचा कण त्या अंतराच्या शेकडो पट मोठा असतो. म्हणून घरात डिस्कचे झाकण उघडणे म्हणजे ती कायमची घालवणे. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर कोकणातल्या दमट हवेत आणखी घातक. बाहेर काढताच तिच्यावर आणि आत दव धरते.

हेलियमची घनता हवेच्या साधारण एक सप्तमांश. त्यात तबकड्या कमी खळबळीने फिरतात, म्हणून त्या पातळ करता येतात आणि तेवढ्याच जागेत जास्त बसतात. एचजीएसटी कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये सात तबकड्यांची, ६ टेराबाइटची हेलियम भरलेली, पूर्ण सीलबंद डिस्क बाजारात आणली. श्वासछिद्र नसल्याने बाहेरची खारी हवा तिच्या आत जात नाही. पाठीवरची पाटी आणि जोड मात्र बाहेरच असतात. मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्कची आणखी एक गंमत दुरुस्तीवाल्याला ठाऊक हवी. विजेच्या जोडातल्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले, तर त्यांना तो बंद राहण्याचा हुकूम वाटतो. जुने एसएमपीएस त्या पिनेवर तो दाब सतत देतात. त्यामुळे कोरी करकरीत डिस्क फिरतच नाही आणि 'खराब माल दिला' म्हणून परत जाते.

नवी डिस्क न दिसण्याची अजून दोन कारणे वारंवार भेटतात. बऱ्याच मदरबोर्डांवर एम-डॉट-टूच्या खाचेत एसएसडी बसवली, की एखाद-दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात. जुनी डिस्क त्याच पोर्टात असेल तर ती 'गेली' असे वाटते. दुसरे, कोरी डिस्क बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या यादीत येत नाही, कारण तिची आखणीच झालेली नसते. ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन करायची. इथे सांभाळायचे एकच. जुनी, माहिती असलेली डिस्क लावल्यावर संगणक 'इनिशियलाइझ करू का', 'फॉरमॅट करू का' असे विचारू लागला, तर उत्तर नाही हेच. त्या प्रश्नाचा अर्थ, संगणकाला डिस्कवरची आखणी वाचता येत नाही, इतकाच. घाईने हो म्हणून माहिती गमावलेली माणसे दुरुस्तीवाल्यांना नेहमी भेटतात.

डिस्कच आजारी असेल तर

टिक-टिक करणाऱ्या डिस्कसाठी घरगुती इलाज नाही. तिच्यावरची माहिती मोलाची असेल तर धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत ती न लावता, न उघडता पाठवायची. डिस्क दिसते पण अडखळते, फायली उघडायला मिनिटे लागतात, अशी अवस्था असेल तर डीडीरेस्क्यूसारखी मोफत प्रणाली उपयोगी पडते. ती आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. कुठवर आलो याची नोंद ती ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पुढून सुरू करता येते. दुखऱ्या डिस्कवर विंडोजची दुरुस्ती किंवा चेकडिस्क आधी चालवू नये. त्या प्रणाली डिस्कवर लिहितात, आणि आजारी डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरले पुसण्याची जोखीम.

एकत्र बांधलेली गलबते

विजयदुर्गाचे नाव आरमाराशी जोडलेले आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांवर इथे चढाई केली. आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकलेल्या रिस्टोरेशन जहाजावर तोफगोळा पडला, जहाज पेटले, आणि जवळजवळ बांधलेल्या गलबतांतून आग पसरत अख्खे आरमार जळाले. ज्या आरमाराने अनेक दशके पश्चिम किनाऱ्यावर दरारा ठेवला, ते एकाच बंदरात एकत्र असल्यामुळे एका हल्ल्यात संपले. माहितीच्या बाबतीत आपण आज तीच जोखीम पत्करतो आहोत. एकच डिस्क, एकच खोली, एकच विजेची जोडणी.

जाणकार तीन-दोन-एक हा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर. विजयदुर्गात तो पाळणे अवघड नाही. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि तिसरी इंटरनेटवर. रेंज पुरत नसेल, तर तिसरी प्रत गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या पिशवीतून मुंबईला जावी आणि शिमग्याला तिच्या जागी ताजी प्रत जावी. सेवा केंद्र असेल, लोकांचे आधार आणि उत्पन्नाचे कागद असतील, तर त्या प्रतीवर पासवर्डचे कुलूप हवे. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद उघडे फिरवण्याचा हक्क कोणालाच नाही.

पावसाआधी आपण आगोट भरतो : तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण. संगणकाची आगोटही मे महिन्यातच भरावी. यूपीएसची बॅटरी तपासणे, अर्थिंग पाहणे, डब्यातली धूळ काढणे, सेल आणि एक जास्तीची सॅटा केबल घरात ठेवणे. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवणे, म्हणजे त्याच्या उबेने आत ओल धरत नाही. आणि उतरवलेली प्रत खरोखर उघडते का, हे स्वतः पाहणे. न उघडून पाहिलेली प्रत ही केवळ समजूत असते.

घरच्या संगणकाचे घरच्यांनी पाहावे. शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत यांच्या डिस्क मात्र साऱ्या गावाच्या आहेत, आणि त्यांची काळजी एका कारकुनाच्या आठवणीवर सोडता येणार नाही. १ मे रोजी महाराष्ट्रात ग्रामसभा भरते, पाऊस त्यानंतर महिनाभराने येतो. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय कायमचा असावा : गावाच्या नोंदींची प्रत कोणाकडे आहे, ती शेवटची कधी उतरवली, आणि आज सभेसमोर त्यातली कोणतीही एक फाईल उघडून दाखवा. उघडली तर इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. उघडली नाही, तर दुरुस्त करायला अजून एक महिना हातात असतो.